दहा नावांचं ताट

आमच्या टेकडीवर बूशऐबच्या चहाच्या दुकानात शिरलात, तर बसायच्या आधी भिंतीकडे बघायचं. तशी रीतच आहे. नाही बघितलंत तर बूशऐब चहा आणील, पण पुदिना मोजून दोन पानं घालील. भिंतीवर सत्तर ताटं टांगलेली आहेत, दर मोसमाचं एक. पांढरी झिलई, मधोमध निळा तारा, आणि त्याच्याभोवती गोलात अकरा नावं. कासाब्लांकातल्या नि राबातमधल्या क्लबांकडे चांदीचे कप असतील. असोत बापडे. आमच्याकडे मातीची ताटं आहेत, आणि मोरोक्कोच्या साफी शहरात कुंभारांच्या टेकडीवर मातीपेक्षा मोठं काही नसतं.

क्लबाचं नाव नज्म, म्हणजे तारा. सत्तेचाळीस साली निघाला. बंदरावरच्या फ्रेंच कंपनीच्या मैदानात भट्टीवाल्या पोरांना पाऊल टाकू देत नसत, ‘तुमच्या पायाला माती असते’ म्हणायचे. घ्या! कुंभाराच्या पायाला माती नाही तर काय अत्तर असणार? मग आमच्या थोरल्यांनी माती काढून काढून पडलेला खड्डा भरायला घेतला. भरला कशाने, तर फुटक्या मडक्यांनी. टेकडीवर त्याला काय तोटा! वर्षभर तुकडे टाकले, तुडवले, वर माती पसरली आणि झालं मैदान. पावसाळा आला की तुकडे वर यायचे. पडला तो सोलून निघाला. बाहेरगावचे संघ आमच्याकडे यायचे ते गुडघ्यांना चिंध्या बांधून, आणि तरी नाक मुठीत धरून खेळायचे. आमची पोरं मात्र त्या खापरांवर अशी पळायची की बघत राहावं. प्रदेशाची लीग तीनदा जिंकली, सहासष्ट साली दुसऱ्या श्रेणीत गेलो. सदरे आया घरीच निळीत बुडवायच्या. घाम आला की रंग अंगाला लागायचा आणि सामना संपल्यावर सगळा संघ निळा. अजून ते दिवस आठवले की म्हाताऱ्यांचे डोळे भरतात, आणि का भरू नयेत?

ताटांची एक रीत फार कडक. मोसम संपला की त्या वर्षीच्या पहिल्या अकरांची नावं ताटावर चढतात. पण ताट भट्टीत जायच्या आत कोणी दुसऱ्या क्लबात गेला, तर त्याची जागा कोरी ठेवायची. खोडायचं नाही, दुसऱ्याचं नाव घालायचं नाही. कोरी. म्हणजे येणारा जाणारा विचारील, ‘इथे कोण होता हो?’ आणि टेकडी त्याला सांगेल. शिक्षा म्हणाल तर हीच.

सत्तरात चार ताटांवर अशा जागा आहेत. तिघांची नावं आता कुणाला धड आठवत नाहीत. चौथं ताट एकाहत्तर सालचं, भिंतीच्या अगदी मधोमध. त्या साली नज्म राजाच्या कपाच्या सेमीफायनलला गेला होता. असं आधी कधी झालं नव्हतं, पुढेही झालं नाही. आणि नेमकं त्याच ताटावर दहा नावं.

ते ताट रंगवलं अल्लालने. तोच त्या संघाचा कप्तान होता. आणि कोरी जागा होती त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाची, मिलूदची.

अल्लाल म्हणजे आमच्या टेकडीचा मानाचा माणूस. एकवीस वर्षांचा असताना मामाच्या हातातला गाढवाच्या केसांचा कुंचला त्याच्याकडे आला, तेव्हापासून सगळी ताटं त्याचीच. हात असा की एका दमात तारा काढायचा, रेघ हलायची नाही. पायही तसाच. बचावात उभा राहिला की पुढून वारा जाईना. पेनल्टी मारावी तर अल्लालने. एकाहत्तरच्या मोसमात सात मारल्या, सातही आत. रस्त्याने चालला तर बसलेली माणसं उठून, मानाचं ‘सी’ लावून म्हणायची, ‘या, सी अल्लाल, बसा.’ लग्न असो, भांडण असो, भट्टीची वाटणी असो, शेवटचा शब्द त्याचा. चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला तरी त्याच्या आधी कोणी चहाचा पेला उचलत नसे.

आणि मिलूद? मिलूद म्हणजे बघायलाच हवा होता. एकोणीस वर्षांचं कारटं, अंगाने काडी, पण चेंडू पायाला लागला की सुटायचा नाही. त्या साली राजधानीच्या संघाला आम्ही हरवलं ते त्याच्या दोन गोलांवर. परत येताना सार्डिनच्या ट्रकमध्ये संघ बसला होता, सगळ्यांच्या अंगाला मासळीचा वास, आणि अल्लालने धाकट्याला खांद्यावर घेतलेलं. आई टेकडीच्या पायथ्याला उभी होती. तिने दोघांच्याही तोंडात खजूर घातले, आधी धाकट्याच्या. अल्लाल म्हणाला, ‘बघा, कप्तान मी आणि खजूर याला!’ आई म्हणाली, ‘तुला कुंचला दिला अल्लाने, याला दोन पायांशिवाय काय दिलंय?’

सेमीफायनल कासात, म्हणजे कासाब्लांकात झाली, तिथल्याच एका मोठ्या क्लबाशी. अर्धी टेकडी ट्रक भरभरून गेली होती. एक एक बरोबरी, आठ मिनिटं राहिलेली, आणि समोरच्याचा हात चेंडूला लागला. पेनल्टी! पुढे काय झालं ते टेकडीवर शेंबडं पोरही सांगतं. कप्तान चेंडू घेऊन निघाला, तोच मिलूद धावत आला, चेंडूला हात घातला, दोघांची ओढाओढ झाली, आणि मस्तवाल पोराने थोरल्या भावाच्या हातातून चेंडू हिसकावून घेतला. मारला तो थेट आडव्या दांड्यावरून. दोन मिनिटं राहिली असताना त्यांनी गोल केला, खेळ खलास. आठवड्याभरात त्याच क्लबाचा माणूस आला आणि मिलूद त्यांच्याकडे गेला. बूशऐबचा बाप तेव्हा दुकान चालवायचा. तो म्हणाला, ‘विकला गेला होता आधीच. मुद्दाम वर मारला.’ आणि टेकडीने मान डोलावली.

ही झाली टेकडीची गोष्ट. खरी गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती.

खरं असं झालं, की चेंडू हातात घेऊन अल्लाल चुन्याच्या ठिपक्याकडे निघाला आणि मध्येच थांबला. सात मारणारा माणूस, पण ते कासाचं मैदान, ते चाळीस हजार लोक! पाय त्याचे राहिलेच नाहीत. मिलूद जवळ उभा होता. अल्लालने चेंडू त्याच्या छातीशी लावला आणि पुटपुटला, ‘तू मार.’ मिलूदने परत ढकलला. ‘नाही दादा, तुझी आहे ती. तू मार.’ ‘मार म्हणतो ना!’ ‘दादा, नको.’ लांबून बघणाऱ्याला काय दिसणार? दोन भाऊ, मध्ये चेंडू, चार हात त्यावर. ओढाओढच दिसणार. शेवटी अल्लालने हात सोडले आणि पाठ फिरवून चालायला लागला.

परतीच्या ट्रकमध्ये एकजण चडफडला, ‘कप्तानाच्या हातातून ओढतोस? भडव्या, कोण तू?’ सगळ्यांनी अल्लालकडे बघितलं. मिलूदनेही बघितलं. एक शब्द पुरे होता. अल्लाल मूग गिळून बसला. वाटलं, आज नको, डोकी तापली आहेत, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी घरी आई अंगणात उभी, शेजारणी भोवती. आईने मिलूदला विचारलं, ‘मोठ्या भावाच्या हातातलं ओढलंस तू?’ मिलूद म्हणाला, ‘दादा, सांग ना हिला.’ आता बघा, माणूस खोटं बोलला की ते लपवायला जास्त ओरडतो. अल्लाल ओरडला, ‘काय सांगू? टेकडीची अब्रू घालवलीस. तोंड दाखवू नकोस इथे!’ आई मध्ये पडली नाही. शेवटी थोरल्याचा शब्द तो. आठव्या दिवशी मिलूद कासाला गेला. कोणी विकत घेतला म्हणून नव्हे, घरातून हाकलला म्हणून.

मग ताट रंगवायची वेळ आली. अल्लालने दहा नावं लिहिली आणि अकराव्या जागेपाशी कुंचला धरून बसला. रंग वाळला. परत बुडवला, परत वाळला. रीत रीतच, असं स्वतःला सांगून त्याने ताट तसंच भट्टीत सरकवलं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही, हे त्याची बायको तामू अजून सांगते. तिला वाटलं भावाच्या दुःखाने. होतं खरं दुःखच.

सेहेचाळीस वर्षं तो रोज त्या ताटासमोर चहा प्यायला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. सगळे भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि हा दाराकडे. लोक म्हणायचे, ‘जखम आहे हो त्यांच्या मनात, भावाने केलेली.’ आणि आदर आणखी वाढायचा.

मिलूद मध्ये एकदाच आला, एकोणनव्वदला, आई गेली तेव्हा. जनाज्याला खांदा दिला, कबरीवर मूठभर माती टाकली, आणि बूशऐबच्या दुकानासमोरून गेला तेव्हा आतल्या माणसांनी खुर्च्या फिरवून पाठी केल्या. त्याने दुकानाला सलाम केला आणि बस धरली. कासात तीन मोसम खेळला, मग गुडघा गेला, पुढे टायर दुरुस्तीचं दुकान टाकलं. एवढंच टेकडीला ठाऊक.

दोन हजार सतरा साली क्लबाला सत्तर वर्षं झाली. क्लबाचा अध्यक्ष आता जवाद, औषधांचा दुकानदार, चाळिशीचा, उत्साही माणूस. त्याला वाटायचं जुनंपानं विसरावं, सगळ्यांनी गळ्यात गळे घालावेत. तो एके दिवशी अल्लालच्या कामाच्या जागी आला नि म्हणाला, ‘बा अल्लाल, रागावणार नसाल तर एक सांगतो. समारंभाला मी सी मिलूदना बोलावलंय. येतो म्हणालेत.’

अल्लालच्या हातातला कुंचला थांबला. ‘कशाला?’

‘अहो, सेमीफायनलचा संघ! जिवंत आहेत चौघं. त्यांतले दोन भाऊ. पोटात घाला आता. पोर होते ते, चूक झाली त्यांची.’

‘हं,’ अल्लाल म्हणाला. दुसरं काय म्हणणार? कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर यायचीच होती.

मिलूद गुरुवारी आला. केस पांढरे, एक पाय किंचित ओढत चालायचा, पण डोळ्यांत तीच खोड. तामूने हट्टाने त्याला घरीच उतरवलं. ‘घर असताना दिराने लोकांकडे झोपायचं? लाज नाही का वाटत तुम्हा दोघांना?’ दुपारी जेवायला सार्डिनचे गोळे केले, जवाची भाकरी, ऑलिव्ह. दोघे भाऊ एकाच ताटात जेवायला बसले. सेहेचाळीस वर्षांनी. मिलूद घास घेत म्हणाला, ‘वहिनी, हात तसाच आहे तुमचा. मिरची कासात असली मिळत नाही.’

‘मग यायचं होतंस खायला,’ तामू फटकळ, ‘तुला कुणी बांधून ठेवलं होतं? आणि एक विचारू का? कधीचं पोटात आहे. का रे ओढलास तो चेंडू?’

मिलूदने मान वर केली, भावाकडे बघितलं, फार वेळ नाही. मग हसून म्हणाला, ‘वय होतं वहिनी. मस्ती होती अंगात. द्या बघू आणखी दोन गोळे.’

भावाने त्याला वाचवलं होतं. त्याच्याच घरात, त्याच्याच ताटावर बसून. अल्लालला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यापेक्षा चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं, असं त्याला झालं.

आता काय करावं? सांगून टाकावं, आणखी काय! पण सेहेचाळीस वर्षांचं ‘या, सी अल्लाल, बसा’ असं एका दमात टाकवत नाही. त्याने कुंभाराची वाट शोधली. समारंभाच्या खरेदीसाठी शुक्रवारी बूशऐबने दुकान बंद ठेवलं होतं. सकाळी अल्लालने झाडणाऱ्या पोराकडून दार उघडवून घेतलं, मधलं ताट काढलं आणि चादरीत गुंडाळून घरी आणलं. झिलई चढून पक्क्या झालेल्या ताटावर पुन्हा रंग धरत नाही. धरवायचा तर वरून लिहून परत भट्टीत घालावं लागतं, आणि जुनं ताट दुसऱ्यांदा आग सोसेल की तडकेल हे देवच जाणे. टेकडीवर कोणी हा वेडेपणा करत नाही. अल्लालने केला. कोऱ्या जागेत ‘मिलूद’ लिहिलं. दुपारच्या नमाजनंतर लहान भट्टी पेटवली, काटक्या घातल्या, आणि ताव आल्यावर तोंड विटा नि चिखलाने लिंपून टाकलं. मनात हिशेब असा, की नाव ताटावर चढलं म्हणजे रीत मोडली, रीत मोडली म्हणजे भावाची चूक नव्हती हे टेकडीला कळलं, आणि आपल्याला तोंड उघडावं लागलं नाही. वा रे शहाणा!

भट्टी निवायला तीन दिवस लागतात. लहान असली तरी अडीच. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पन्नास वर्षं तो शिकाऊ कारागिरांना हेच बडवत आला होता, ‘गरम भट्टी उघडणारा कुंभार नव्हे, चोर.’ आणि मिलूदची बस रविवारी दुपारी.

शनिवारचा समारंभ झाला तो असा. भिंतीवर मधोमध नुसता खिळा! बूशऐब बोंबलायला लागला, ‘माझं ताट! एकाहत्तरचं ताट गेलं!’ अल्लाल म्हणाला, ‘माझ्याकडे आहे. भट्टीत आहे.’ ‘भट्टीत? अहो, ताटावर उठलात की काय म्हातारपणी?’ पण सी अल्लालला जाब कोण विचारणार! सगळा राग निघाला मिलूदवर. पदकं दिली, चहा आला, मधाची बिस्किटं आली, तशी थट्टा सुरू झाली. एकजण म्हणाला, ‘बिस्किटाचं ताट जपून धरा रे, सी मिलूद ओढतात हातातून!’ दुसरा म्हणाला, ‘आणि मग दांड्यावरून फेकतात!’ हशा पिकला. मिलूदही हसला. म्हणाला, ‘फेकलं तर मिळायचं नाही, बाबांनो. त्या दिवशीचा चेंडू अजून कासात कोणीतरी शोधतोय.’ आणखी हशा. अल्लाल दाराकडे तोंड करून बसला होता. पेला त्याच्या हातात थंड झाला.

रविवारी सकाळी तो भट्टीपाशी गेला. विटांवर तळहात ठेवला, चटका बसून मागे घेतला. सुरी घेतली, चिखल खरवडायला लागला. एक वीट सैल झाली, आतून धग तोंडावर आली. आता आणखी दोन विटा काढल्या तर गार वारा आत जाणार आणि ताट फट्‌ म्हणून फुटणार. न काढाव्यात तर मिलूद जाणार. पासष्ट वर्षांचा भाऊ, पुन्हा येईल न येईल. सुरी हातात धरून तो तिथेच उकिडवा बसला. आणि त्याला एकदम स्वतःची घाण वाटली. ताट भट्टीत घालून आपण काय केलं? पुन्हा तेच. पेनल्टी होती आपली, ती त्या वेळी भावाच्या छातीशी लावली, आता मातीच्या ताटाच्या. मारायची मात्र आपण नाहीच.

त्याने वीट जागेवर बसवली, चिखल थापला, आणि तशाच मातीच्या हातांनी बस अड्ड्याकडे निघाला. टेकडी उतरताना दम लागला, वाटेत कोणी ‘या, बसा’ म्हणालं, त्याने बघितलंसुद्धा नाही.

कासाची बस सुटायला आली होती. जवाद, बूशऐब आणि सेमीफायनलवाल्यांपैकी दोघे मिलूदला सोडायला आलेले. बॅग टपावर चढली होती. मिलूद पायरीवर एक पाय ठेवून उभा.

‘खाली ये,’ अल्लाल म्हणाला.

‘बस सुटतेय, दादा. काय राहिलं?’

‘खाली ये म्हणतो ना! आणि तुम्हीही ऐका रे.’ त्याने बूशऐबचा दंड धरला. ‘हा चेंडू ओढायला आला नव्हता. मी दिला होता. माझे पाय लटपटले. कप्तान असून माझे पाय लटपटले. हा नको नको म्हणत होता, दोनदा परत दिला याने. मी त्याच्या गळ्यात घातला आणि पाठ फिरवली. पेनल्टी माझी होती.’

बसवाला पाठीमागून ओरडला, ‘हाजी, चढणार की गोष्टी सांगणार?’

‘थांब रे मेल्या!’ बूशऐब त्याच्यावर खेकसला आणि मग अल्लालकडे वळला. ‘म्हणजे सेहेचाळीस वर्षं… माझा बाप मरेपर्यंत म्हणत होता, विकला गेला. मीही तेच म्हणत आलो. सी अल्लाल, आणि तुम्ही तिथे बसून ऐकत होतात?’

‘ऐकत होतो.’

‘चहा पीत?’

‘चहा पीत.’

बूशऐबने दंड सोडवून घेतला. जवाद खाली बघत राहिला. जुन्या दोघांपैकी एकाने मिलूदचा हात हातात घेतला आणि तो नुसता हलवत राहिला. पण मिलूदचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. त्याचा चेहरा कसा झाला होता ते सांगता येत नाही. हसरा माणूस तो, काल दिवसभर थट्टा गिळली होती. आता त्याने पायरीवरचा पाय खाली घेतला.

‘मला काय सांगतोस, दादा?’ तो म्हणाला. ‘मला ठाऊकच होतं. यांना सांगून काय उपयोग, ही तर परकी माणसं. आईला सांगायचं होतंस. अठरा वर्षं जिवंत होती ती त्यानंतर. ती समजत गेली की तिच्या धाकट्याने थोरल्याच्या हातातलं ओढलं आणि टेकडी विकली. मी फोन केला की आधी विचारायची, माफी मागितलीस का रे भावाची? दर वेळी विचारायची. मी म्हणायचो, मागतो आई. अठरा वर्षं.’

मिलूदने वर बघून हाक मारली, ‘ओ भाऊ, ती तपकिरी बॅग खाली टाका.’

ताटाचं काय झालं विचाराल, तर सांगून टाकतो. सोमवारी भट्टी उघडली. नाव छान उठलं होतं, बाकीच्या दहांपेक्षा गडद, पण काठापासून ताऱ्यापर्यंत तडा गेला होता. बूशऐबने ते तसंच टांगलंय. अल्लाल दुकानात आला तर आता सगळे उठत नाहीत. काही उठतात, काही नाही. तो मात्र भिंतीकडे तोंड करून बसतो. पुढच्या मोसमाचं ताट त्याने रंगवलं नाही, कुंचला दुसऱ्याला दिला.

पण त्या रविवारी दोघे भाऊ बस अड्ड्यावरून घरी गेलेच नाहीत. सरळ समुद्राकडच्या कबरस्तानात गेले. रमजान तोंडावर होता, म्हणून बायका कबरींना चुना लावत होत्या, वारा सुटला होता. आईच्या कबरीपाशी दोघांनी हात पसरून फातिहाची दुआ म्हटली. मग मिलूद दोन पावलं मागे सरला.

‘सांग,’ तो म्हणाला.

अल्लाल गुडघ्यांवर बसला, हातावरची माती अजून धुतलेली नव्हती. ‘आई,’ तो पुटपुटला, ‘चेंडू याने ओढला नव्हता. मी…’

‘मोठ्याने,’ मिलूद पाठीमागून म्हणाला. ‘शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं.’

अल्लालने डोळे पुसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली, मोठ्याने, टेकडीवर कारागिराला हाक मारतात तेवढ्या मोठ्याने. चुना लावणाऱ्या बायकांनी वळून बघितलं, तरी तो थांबला नाही.